भिंतीवरचा तिसरा हात

"हलू नका... सावली फार छान पडलीये."

शिडीवरून आलेलं हे वाक्य म्हणजे माझी ताई आणि दिवेवाला यांची पहिली भेट. ताई वाचनालयाचं सभागृह बघायला गेली होती, मी शेपटासारखी मागे. ती क्षणभर थबकली, मग म्हणाली की सावलीचं कौतुक झालं असेल तर माणसाला पुढे जाऊ द्या. तो हसला. शिडी हलली.

दोन आठवड्यांनी तिथल्या फिल्म क्लबात ताई 'फिल्म न्वार'वर, म्हणजे त्या जुन्या काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांवर बोलणार होती. पहिल्या रांगेत सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेच्या प्राचार्यबाई असणार होत्या. भाषण जमलं तर नोकरी पक्की. पण चार माणसं समोर आली की ताईचे हात थरथरतात. मागच्या मुलाखतीत सगळ्यांच्या नजरा हातांवर खिळल्या, आणि ती वाक्य अर्धवट टाकून घरी आली होती.

माझी शाळा सुटली की आम्ही रोज तालमीला जायचो. मी शेवटच्या रांगेत गणितं सोडवायचे (म्हणजे वही उघडी ठेवायचे). ताई दिवेवाल्याला सांगायची, जुलूमशाहीला घाबरून देश सोडलेले कितीतरी दिग्दर्शक आणि कॅमेरावाले परक्या गावी आले, येताना तिकडच्या सिनेमातल्या गडद सावल्या घेऊन आले. शिवाय पैसे कमी, मग साधासुधा सेट अंधारात झाकायचा. तो म्हणायचा, इथला फाटका पडदा मीही असाच झाकतो. त्या सिनेमांतली बाई गोड हसते आणि नायकाचं वाटोळं होतं, हे ऐकल्यावर तो बल्बकडे बघत पुटपुटला, "मग मला जपून राहायला हवं..."

ताई गोड हसली. झालं!

तिने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली — त्या दिवशी एकच दिवा, बाकी अंधार. हात दिसायला नकोत. का, ते त्याने विचारलं नाही.

शनिवारी दुपारी सभागृह भरलं. त्या सिनेमांत असतो तसा दिवा त्याने तिच्यासमोर खाली जमिनीवर ठेवला आणि तिथेच मांडी घालून बसला. ताई बोलू लागली. हात खरंच फारसे दिसत नव्हते... पण मागच्या भिंतीवर दाराएवढे दोन हात थडथड कापत होते. तालमीत ते कधी कापलेच नव्हते, म्हणून भिंतीकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. पुढे कुणीतरी कुजबुजलं. ताईने वळून पाहिलं. आवाज बंद.

आता ती पळणार, मला वाटलं. मी बाकाची कड घट्ट धरली. दिवेवाला दिवा विझवू शकला असता. नाही विझवला. त्याने आपला हात दिव्यासमोर धरला. भिंतीवर तिसरा हात आला, आणि अलगद तिच्या हातांवर विसावला. आणि तोही — अगदी तस्साच — थरथरत होता.

ताई बघत राहिली. मग लोकांकडे वळली.

"या सिनेमांत भीती लपवत नाहीत," ती म्हणाली, "भिंतीवर मोठी करून दाखवतात."

पुढचा पाऊण तास ती थांबलीच नाही. जाताना प्राचार्यबाई तिला सोमवारपासून यायला सांगून गेल्या.

दिवेवाला वायर गुंडाळत होता. ताईने विचारलं, "तुमचा हात का कापत होता?"

"पहिल्या दिवसापासून कापतोय... शिडी धरून होतो, म्हणून कळलं नाही."

"आता शिडी नाहीये."

"नाही."

"मग हा धर," ताई हात पुढे करून म्हणाली. पहिल्यांदाच 'अहो' सोडून.

भाषणात तिने सांगितलं होतं, ते सिनेमे बनवणाऱ्यांना आपण काय बनवतोय त्याचं नाव ठाऊक नव्हतं. नाव नंतर ठेवलं, दूर बसून बघणाऱ्यांनी.

मी तर दोन आठवडे शेवटच्या रांगेत बसून बघतच होते.