लंडन, साडेचार तास

पोलादपूरची एसटी डोळ्यांदेखत सुटली, म्हणून अश्वजित महाड डेपोसमोरच्या तिकीट बुकिंगच्या दुकानात शिरला. काउंटरवर निशा होती.

"मुंबई ते लंडन… किती लांब?"

"सात हजार दोनशे किलोमीटर. विमानाने दहा तास." तिने मान वर केली. "पोलादपूरची गाडी मिळत नाही, आणि लंडनचं विमान पकडणार तुम्ही?"

तो हसला. असा हसला, की तिचं टायपिंगच चुकलं.

अश्वजित एका दवाखान्यात ब्रदर, म्हणजे नर्स होता. लंडनच्या एका हॉस्पिटलात त्याची नोकरी ठरत आली होती. त्या पहिल्या भेटीपासून त्याची एसटी वरचेवर चुकू लागली. कधी भाडं विचारायला यायचा, कधी सामान किती चालतं ते. चहाचा ग्लास देताना बोटाला बोट लागायचं, की दोघंही मुद्दाम बाहेर बघायचे. 'तुम्ही'चं 'तू' झालं, पण मनातलं कुणीच बोललं नाही. त्याला वाटे, ती बोलेल; तिला वाटे, तो.

नोकरी पक्की झाली तेव्हा तो आईला घेऊन आला. लांब असेल तर पाठवणार नाय, असं जानकीबाईंनी आधीच बजावलं होतं. त्यांनी स्क्रीनवर वाकून वेळा वाचल्या. दुपारी दोनला सुटणार, साडेसहाला पोचणार.

"साडेचार तास? अगो, आमची एसटी मुंबईला जायला एवढाच वेळ खाते!"

तिथलं घड्याळ मागे असतं, हे सांगायला निशाने तोंड उघडलं. तेवढ्यात अश्वजितने हळूच मान हलवली… नको. त्या नजरेत इतकं आर्जव होतं, की ती गप्प बसली.

"काढ गो तिकीट," जानकीबाई म्हणाल्या. निशाने काढलं.

निघताना तो दारात रेंगाळला. "निशा… काही बोलायचंय?"

"पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेव."

एवढंच सुचलं वेडीला!

तो गेला त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला दुकानाचा फोन वाजला. जानकीबाई होत्या.

"पोचला असंल ना गो? फोन लागत नाय त्याचा."

आता खोटं बोलणं तिला जमेना. "काकी, तो अजून विमानातच आहे. खरे दहा तास लागतात. मला तेव्हाच माहीत होतं."

आता बोलणी बसणार, असं निशाला वाटलं.

"मग बोलली का नाय?"

"त्याला जायचं होतं, काकी."

"आणि तुला?"

"मला… मला तो हवा होता." बोलून गेली, आणि तिला रडूच फुटलं.

"येडी हाय का गो तू?" जानकीबाईंचाही आवाज कापला. "मी तिकीट बघायला नव्हते आले. तुला बघायला आलेले. घरी सारखं तुझंच सांगायचा तो. म्हटलं, पोरीच्या मनात असंल तर अडवील त्याला. तू गुपचूप तिकीट काढलंस… मग मी कुणाच्या जोरावर अडवायचा होता?"

निशाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. विमान उतरायला अजून साडेपाच तास होते, आणि तोवर त्याचा फोन लागणार नव्हता.