सोजरबाईची निशाणी

दिवा जरा हिकडं सरकवा. भ्या वाटतंय म्हणून न्हाई, तुमचं तोंड दिसावं म्हणून. अन् मधी बोलू नका. माझं डोकं लवकर फिरतं.

पानपतानंतर सात-आठ वर्सांची गोष्ट. म्या पुण्यात, बुधवारात, न्यायाधीशाच्या दफ्तरात कामाला व्हतो. जुनं निवाडं, साक्षी, वाटणीचं कागद, समदं रुमालात बांधून फडताळात रचलेलं. आश्विनाचं ऊन पडलं की एकेक रुमाल सोडायचा, कागद अंगणात पसरायचं, वाळवी झटकायची, कडुनिंबाचा पाला घालून परत गाठ मारायची. अक्षर मला येत न्हाई. पण निशाण्या कळायच्या. लिहिता न येणाऱ्यानं नावाखाली निशाणी काढायची. कुणब्याचा नांगर, सुताराची पटाशी, बाईची बांगडी.

त्यात एक कागद माझ्याच पापाचा व्हता.

माझा थोरला भाऊ मच्छिंद्र मांजरीत तापानं गेला. वैद्य आणायला मला धाडला, अन् म्या वाटंत एकाशी भांडत बसलो. त्याची बायको सोजरबाई पाणवठ्यावर चार बायांत म्हणाली, "भाऊजी, तुमच्या रागापायी माझं कपाळ पांढरं झालं."

खरं बोलली. म्हणूनच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्या खोटा कागद करवला, की सोजरबाई राजीखुशीनं नवऱ्याचं शेत दिराला देती. लिहिणाऱ्यानं सवयीनं खाली बांगडी काढली. बाई म्हटली की बांगडी.

चावडीत कागद वाचला तवा तिनं दोन्ही हात वर केलं. "ही बांगडी कुणाची? नवरा गेला त्या दिवशी तुम्हीच फोडल्या न्हवं माझ्या? बघा की हात... कुणीतरी बघा की..."

कुणी बघितलं न्हाई. शेत मला मिळालं अन् निवाड्याबरोबर कागद पुण्याच्या दफ्तरात गेला. ती लोणीच्या वाटंनं निघून गेली अन् त्याच उन्हाळ्यात वाटंवर, एका झाडाखाली उपाशी मेली. मग शेतात पाय ठेववंना. पडीक टाकलं, पुण्यात हमालीला आलो, अन् फिरून त्याच कागदापाशी पडलो.

पहिल्या साली अंगणात तो कागद हाती आला, दुमडलेल्या कोपऱ्यावरनं वळखला. बांगडी गोल, काळी, जशीच्या तशी. दुसऱ्या साली तिला एका जागी तडा. म्हटलं, शाई उडाली आसंल. पण फडताळापाशी गेलो की आत काच वाजायची. बारीक. किन्... किन्... रुमालाला हात लावला की बंद.

तिसऱ्या साली कागद उघडला तर बांगडीचं चार तुकडं. कागदाला भोक न्हाई, डाग न्हाई. नुसती शाई फुटलेली. तसाच कारकुनापुढं गेलो. श्रीधरपंत त्यांचं नाव. तीन वर्सं मला गावावरनं 'ए मांजरी' म्हणायचे.

"पंत, ह्यो कागद खोटा हाय. म्या केलाय."

"तुला वाचता येतं?"

"न्हाई."

"मग खोटा आहे हे कागदानंच येऊन सांगितलं वाटतं."

"निशाणी बघा! फुटलीया!"

त्यांनी कागद उजेडात धरला. "चांगली गोल बांगडी आहे. आपण वैद्याकडं जाऊन डोळे दाखवावेत."

म्या चौरंगावर मूठ आपटली. दौत सांडली. "आवो, नवरा मेलेली बाई व्हती ती! तिची निशाणी बांगडी कशी? तिचं शेत तिच्या नावावर लिहा परत. मेली आसंल, तरी लिहा..."

पंत ओरडले न्हाईत. कागद वाचाय लागले. मग बोट थांबलं.

"नवरा कुठं मेलाय हिचा? मच्छिंद्र हयात आहे. स्वच्छ लिहिलंय. दीर तापानं मयत झाला, सबब त्याचा वाटा मच्छिंद्र आणि सोजरबाई यांजकडे. बांगडी बरोबरच आहे." पंतांनी वर बघितलं. "मयत दिराचं नाव गेनबा. तुझं नाव काय रे?"

गेनबा म्हंजी म्याच.

तसाच मांजरीला चालत सुटलो. ऊन मी म्हणत व्हतं. बांधावर पोचलो अन् पाय थांबलं. माझं पडीक शेत काळंभोर नांगरलेलं. नांगरामागं पाठमोरा माणूस, डाव्या अंगाला झुकून चालणारा. मच्छिंद्र तसाच चालायचा. पलीकडनं डोईवर पाटी घेऊन सोजरबाई आली. मनगटभर हिरवा चुडा. त्याचा आवाज माझ्यापत्तुर आला.

"दादा..." म्या हाक मारली. माझी मलाच ऐकू आली न्हाई.

तिनं त्याला वाढलं. मग एक भाकर मोडली, बांधावर आली, माझ्यापुढं हातभरावर. नजर माझ्यातनं पार पलीकडं. तुकडा दगडावर ठेवला, गेलेल्या माणसाला ठेवत्यात तसा.

"भाऊजी, जेवा," ती हळूच म्हणाली. "राग सोडा आता..."

माझं डोळं भरलं. पुसून बघितलं तर शेतात हराळी, बाभळी. माणूस न्हाई, बैल न्हाई, नांगराची एक रेघ न्हाई.

दगडावर तुकडा मात्र व्हता. उचलला, तर बोटं भाजली.