उलटा धक्का

अंतराळयानाच्या सिम्युलेटरचं दार तिने उघडलं ते आतला पडदा पुसायला, आणि आत एक अनोळखी माणूस यान वळवायचा दांडा धरून ऐटीत बसलेला!

“उतरा आधी. इथे चाचण्या होतात.”

“तीच द्यायला आलोय, मास्तरीणबाई,” तो हसला. “उद्या बोलावलंय. राहवलं नाही.”

त्यानंतर रोज तो आत, ती काचेपलीकडे, आणि मध्ये फक्त तिचा त्याच्या कानातला आवाज. यानाचं तोंड हाताने वळवताना माणूस कुठे चुकतो, हे शोधणं तिचं काम. अंतराळात यानाला अडवणारी हवा नसते. दांडा जरा ढकलला की यान फिरतच राहतं. थांबवायला तेवढाच उलटा धक्का द्यावा लागतो. नवखे घाबरून जास्त देतात, मग परत उलटा... आणि यान झुलत बसतं.

त्याचंही झुलायचं.

“अहो, हळू! दांडा आहे तो, हातपंप नाही!”

“तुम्ही बोललात की हात माझं ऐकतच नाही, त्याला मी काय करू?”

ती खुदकन हसायची. पण शेवटच्या चाचणीच्या आदल्या दिवशी त्याच्या हाताच्या हालचालींचे आलेख पाहताना तिचं हसू विरलं. ती गप्प असताना रेषा सरळ. थरथर फक्त तिने तोंड उघडल्यावर. उद्या यान झुललं तर कित्येक महिन्यांच्या मोहिमेतून त्याचं नाव गळणार... म्हणजे तो इथेच राहणार. क्षणभर – अगदी क्षणभर – तिला ते बरं वाटलं. मग स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी तिने माइक सहकाऱ्याकडे दिला आणि काचेमागे उभी राहिली. यान वळलं. ‘हळू...’ शब्द जिभेवर आला, तिने तो गिळला. उलटा धक्का – नेमका. पडद्यावरचा तारा चौकटीत स्थिर.

तो बाहेर आला तो फुरंगटूनच. “निवड झाली. पण तुम्ही कुठे होतात?”

“इथेच. माझा आवाज आला की तुमचा हात बिघडतो. आलेखात दिसतं.”

त्याचे कान लाल झाले. “म्हणजे... कळलं तर तुम्हाला.”

“मोजणं कामच आहे माझं.”

“मग वर असताना माझ्याशी बोलणारच नाही?”

“नाही. यान नीट खाली आणा. मग बोलेन... पोटभर.”

“इतके महिने?” तो हळूच म्हणाला.

तिने त्याचा हात धरला. तो अगदी स्थिर होता. थरथरत होता तो तिचा.