करड्या कोटाजवळ दिलेला निरोप

त्या शनिवारी मी फक्त दोन बटणं लावून घ्यायला गेलो होतो. दुकान बंद करून घरी निघालो होतो, वाटेत जिन्याखालच्या शिंप्याकडे थांबलो आणि कोट त्याच्या टेबलावर टाकला.

"गळ्याखालची दोन तुटलीत. पितळेची कुठलीही चालतील."

शिंप्यानं कोट उलगडला. जाड लोकरीचा, करडा. कॉलरच्या दोन्ही टोकांना काळ्या दोऱ्यानं भरलेली एकेक किल्ली. त्या किल्लीवरून तो बराच वेळ अंगठा फिरवत राहिला.

"नाटकातला का?"

"छे हो. आम्ही रविवारी खेळतो. प्लास्टिकच्या छऱ्यांच्या बंदुका असतात. दोन फौजा करायच्या, लपायचं, एकमेकांना टिपायचं. एक बाजू करडी पलटण असते. ही किल्ली त्यांची खूण."

त्यानं बटणं लावली, दोरा दातानं तोडला आणि कोट आतली बाजू वर येईल असा घडी करून माझ्या हातात दिला.

"इथे अंगात घालून बघू नका तेवढं," तो हळू आवाजात म्हणाला. "बाहेर बाकावर म्हातारी माणसं बसतात."

मी हसलो. का हसलो, आता विचारू नका.

तुमच्या पिढीला करडी पलटण म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं अर्धं पान. परीक्षेत आलं तर दोन मार्कांना. बहात्तर वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या गावात दोन हिवाळे काढले. सकाळी घराघरातून माणसं न्यायचे. चौकशी आहे म्हणायचे. गेलेल्यांपैकी फार थोडी परत आली. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, न परतलेल्यांतले. घड्याळं दुरुस्त करायचे. मला एवढंच ठाऊक होतं. आई बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

आणि तरी मी तो कोट घालत होतो. माझा धंदा चष्म्यांचा. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांकडून अक्षरं वाचून घ्यायची. आठवड्यातून एकच दिवस मी धावायचो, घामाघूम व्हायचो, घसा फुटेस्तोवर ओरडायचो. आमचा म्होरक्या छापखान्यात फोरमन होता. तो म्हणायचा, "सगळेच चांगले झाले तर खेळणार कोणाशी? कोणीतरी वाईट व्हायला हवंच ना." पटायचं. पण खरं सांगू? मला तो कोट आवडायचा. तो चढवला की पाठ आपोआप ताठ व्हायची. पन्नाशीच्या चष्मेवाल्याकडे एरवी कोण वळून बघतं?

आमच्या हिला मात्र ते बघवत नसे.

"अहो, आईंच्या नजरेला पडलं तर?"

"कसं पडेल? डिकीत असतो तो. तिकडेच बदलतो."

"पण तुम्हाला तो घालवतो तरी कसा?"

"कापड आहे गं नुसतं."

"नुसतं कापडच आहे ना? मग दुसरं कुठलं तरी घाला."

मी आवाज चढवला आणि विषय तिथेच संपला.

खेळायला आम्ही गावाबाहेर काडेपेट्यांच्या जुन्या कारखान्यात जायचो. पलटणीचा तळ तिथेच होता म्हणतात. फोरमनला त्याचंच कौतुक. "अस्सल जागा आहे," म्हणायचा.

त्या रविवारी दुपारी तीन वाजताच धुकं उतरलं होतं. खेळाचा नियम असा, की छर्रा लागला की हात वर करायचा, मोठ्यानं "मेलो" म्हणायचं आणि मेलेल्यांच्या खोलीत जाऊन बसायचं. शिटी होईपर्यंत तिथे बोलायचं नाही. मेलेली माणसं बोलत नाहीत.

दहा मिनिटांतच मला पाठीत लागलं. हात वर करून खोलीकडे गेलो.

ती खोली म्हणजे पूर्वी काड्या वाळवायची जागा. लांबट, जाड भिंतींची, एकही खिडकी नाही. दार लोटलं आणि गंधकाचा जुना, घशाला लागणारा वास आला. त्याखाली दुसराही एक वास होता. ओल्या लोकरीचा, बरेच दिवस न धुतलेल्या अंगांचा. दाराजवळच्या बाकावर बसलो. डोळे सरावायला वेळ लागला. मग दिसलं, समोरच्या भिंतीला टेकून माणसं बसली होती. गुडघे पोटाशी घेऊन, ओळीनं. आठ असावीत.

मला वाटलं, आपलेच. आज बरेच जण लवकर मेले.

मी पाय पसरले, तशी ती सगळी एकदम मागे सरकली. भिंतीत शिरायला बघत असल्यासारखी. कोणालातरी खोकला आला आणि त्यानं तो तोंडावर हात दाबून गिळला.

"साहेब..."

सगळ्यात जवळच्या माणसाचा आवाज. जेमतेम ऐकू येईल इतका.

"साहेब, बोलू?"

मला गंमत वाटली. म्हटलं, कोणीतरी फारच रंगात आलाय. मीही हनुवटी वर करून म्हणालो, "बोल."

"फाटकाशी माझी मुलगी उभी आहे... नऊ वर्षांची. तीन दिवस झाले, येते आणि उभी राहते. थंडी फार आहे. तिला घरी जायला सांगाल?"

"काय सांगू?"

"सांगा... बाबा संध्याकाळी येतात." तो थांबला. नंतर आणखी हळू म्हणाला, "तिनं बघायला नको, साहेब."

"सांगतो," मी म्हणालो.

त्या आठही जणांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. तेवढ्यात बाहेर शिटी वाजली. ती सगळी एकदम उठली, दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि एकामागोमाग एक मागच्या दारानं निघून गेली. पावलांचा आवाज झाला नाही. माझ्याशी बोललेला माणूस दाराशी थबकला, मागे वळला. तोंड दिसलं नाही. मग तोही गेला.

मी बाहेर आलो. खेळाकडे परतायचं सोडून पाय फाटकाकडे वळले. शब्द दिला होता म्हणून असेल, किंवा मस्करी कुठवर जाते ते बघायचं होतं म्हणून.

फाटकापलीकडे खरंच एक मुलगी उभी होती. गळ्याभोवती मोठ्या माणसाचा मफलर. पायात बूट, मोजे नव्हते. एका हातानं गज धरलेला, बोटं जांभळी पडलेली. दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेला डबा. जवळच्या वस्तीतली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती कॉलरकडे बघत होती.

"घरी जा, बाळ. बाबा संध्याकाळी येतात."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः बोललो त्यांच्याशी."

तिनं बराच विचार केला. मग गजांमधून डबा पुढे केला.

"हा द्याल त्यांना? गरम आहे अजून."

मी डबा घेतला. खरंच गरम होता. ती वळली, चार पावलं गेली, थांबली, माझ्याकडे पाहिलं. मी हातानंच 'जा' म्हटलं. धुक्यात ती दिसेनाशी झाली.

डबा घेऊन मी परत आलो. खोलीच्या दाराशी फोरमन उभा होता.

"कुठे होतास? एक डाव संपला. तू एकटाच मेलास आज, आणि तोही गायब."

"एकटा कसा? आत आठ जण होते. मागच्या दारानं गेले."

"मागचं दार?" त्यानं टॉर्च आत मारला. समोरच्या भिंतीत दाराची चौकट होती. चौकटीत तळापासून वरपर्यंत विटा. जुन्या, काळ्या पडलेल्या.

मी हाताकडे पाहिलं. डबा नव्हता. तळवा मात्र गरम होता.

तसाच गाडीत बसलो. कपडे बदलायचं सुचलंच नाही. कसा घरी पोहोचलो ते आठवत नाही. दार उघडून थेट पुढच्या खोलीत गेलो.

आई खिडकीशी बसली होती. एक्क्याऐंशी वर्षांची, पण डोकं एकदम शाबूत. शब्दकोडी पेनानं सोडवायची, खाडाखोड नाही. मांडीवर पेपर होता. मान वर करून तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला. गुडघे दुखतात म्हणून ती एरवी कोणाचा तरी हात धरल्याशिवाय उठत नसे. ती उठून सरळ उभी राहिली.

"आई, अगं मी आहे..."

"डबा दिलात त्यांना?" आईनं विचारलं.

मी रिकाम्या तळव्याकडे पाहिलं.

"गरम होता," ती म्हणाली. "तुम्ही घेतलात ना हातात."

"दिला," मी म्हणालो. देवाशपथ सांगतो, दुसरं काही सुचलंच नाही.

तिनं मान हलवली. मग अगदी शांतपणे, कोणाला दोष न देता, जे तिनं मला पन्नास वर्षांत सांगितलं नव्हतं ते त्या कोटाला सांगितलं. "तुम्ही नक्की म्हणालात म्हणून मी घरी गेले. बाकीच्या बायका थांबल्या. संध्याकाळी ट्रक बाहेर निघाले तेव्हा प्रत्येकीला आपलं माणूस दिसलं, हात तरी हलवता आला. बाबा मान उंच करून मला शोधत होते म्हणे. शेजारच्या काकूंनी पाहिलं. मी घरी चूल पेटवत होते. ते येणार म्हणून."

मी तो कोट तिच्यासमोर ओरबाडून काढला. नव्यानं लावलेलं बटण उडून कुठेतरी गेलं. तिचे हात धरले. "आई, त्यांनीच मला सांगितलं गं. त्यांनीच. तू बघू नयेस म्हणून. मी बोललो त्यांच्याशी, खरंच बोललो."

तिनं हात सोडवून घेतले नाहीत. माझ्याकडे ती नाइलाजानं बघत राहिली, जशी माणसं वरच्या साहेबाकडे बघतात.

"हो," ती म्हणाली. "सगळ्यांना तसंच सांगायचात तुम्ही."

ही दारात उभी होती. पदर तोंडात धरून रडत होती. तिनं मला एक शब्दही ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

कोट मी मागच्या अंगणात जाळला. काही फरक पडला नाही. आई हिला नावानं हाक मारायची, शेजारणींना ओळखायची, कोडीही सोडवायची. फक्त मी तिचा मुलगा उरलो नाही. मी खोलीत आलो की उठून उभी राहायची. "बस ना आई," म्हटलं की विचारायची, "बसू?" पाणी प्यायच्या आधी माझ्याकडे बघायची. पन्नास वर्षं जिनं मला अरे-तुरे केलं, रागावली, कान धरला, तिला माझ्या घरात माझी परवानगी लागायला लागली. एकदा तिच्यासमोर जमिनीवर बसून मी लहानपणीचं सगळं सांगितलं. तापात तिनं रात्रभर कपाळावर ठेवलेल्या ओल्या घड्या, सायकलवरून पडलो तेव्हा तिनंच मारलेली चापट. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमची आई चांगली होती, साहेब."

थंडी संपता संपता ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो, ही औषध आणायला गेली होती. आईनं डोळे उघडले. ओठ सुकलेले.

"साहेब..."

"काय गं आई?"

"जाऊ मी आता?"

मी काय म्हणायला हवं होतं? तुम्ही सांगा. नको म्हटलं असतं तर ती थांबली असती. जीव ओढत, माझ्या हुकमासाठी, थांबली असती. मला माहीत आहे.

"जा," मी म्हणालो.

ती गेली.

फोरमनकडे मी पुन्हा गेलो नाही. त्यांचा खेळ चालू आहे, कोणीतरी नवीन माणूस करडा कोट घालतो म्हणे. मी दुकानात जातो, डोळे तपासतो, घरी येतो. ही बोलते माझ्याशी. जेवणखाण, वीज गेली, नळ गळतोय, एवढंच.

गेल्या आठवड्यात एक म्हातारबाबा आले. सोबत सून होती. नव्वदीचे असतील, मोतीबिंदू काढलेला, तेव्हापासून सगळं धूसर. मी त्यांना खुर्चीत बसवलं, तपासणीची चौकट नाकावर ठेवली आणि एकेक भिंग बदलत गेलो. "आता? आता कसं दिसतंय?" ते नाही म्हणत होते. शेवटी एक भिंग घातलं आणि त्यांची मान एकदम स्थिर झाली. समोरच्या अक्षरांकडे त्यांनी बघितलंच नाही. माझ्याकडे बघत होते.

"दिसतंय नीट?" मी विचारलं.

"दिसतंय, साहेब."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात वर केले. सून घाबरून पुढे झाली, "अहो बाबा, हे काय? डॉक्टर आहेत ते." माझ्या अंगात दुकानातला पांढरा कोट होता.

"माझा मोठा भाऊ आत होता," ते अगदी हळू म्हणाले. "त्यानं तुमच्याजवळ काही निरोप दिला होता का?"

त्या खोलीत आठ जण होते. मी एकाशीच बोललो. बाकीच्यांना कोणाला काही सांगायचं आहे का, हे मी विचारलंच नव्हतं.

मी दाराकडे पाहिलं. काचेपलीकडे बाकावर तीन म्हाताऱ्या बायका आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. त्या तिघीही उठून उभ्या राहिल्या होत्या.