कुणी न काढलेला सिनेमा

आईच्या शिवणाच्या दुकानावर एक खोली होती आणि तिथून दोघी बहिणी सिनेमाचा ब्लॉग आणि पॉडकास्ट चालवत. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, खिडकीला दुहेरी पडदा, टेबलावर दोन माइक. रेकॉर्डिंग सुरू करायचं झालं की ताई टाचेने जमिनीवर ठोकायची. मग खालचं मशीन थांबायचं.

ब्लॉग ताईचा. ज्यांच्यामागे ना कंपनी ना ओळखीपाळखी, उसन्या कॅमेऱ्यावर ज्यांनी सिनेमे काढले, अशा माणसांसाठी तिने तो जिवापाड जपला होता. एकेक सिनेमा पुन्हा पुन्हा पाहायची, मगच लिहायची. वाचणारे थोडे, पण जिव्हाळ्याचे. पॉडकास्टची कल्पना धाकटीची. सतत चिवचिवायची म्हणून घरात तिला चिमणीच म्हणत. तिने माइकसमोर तोंड उघडलं आणि ब्लॉग मागे पडला. दिग्दर्शक आता तिच्याशी बोलायला यायचे. ताई हेडफोन लावून आवाज सांभाळायची.

एकदा एक कॅमेरामन निघताना ताईला म्हणाला, "चहा छान होता हं. तुम्हीही यांच्याकडेच काम करता का?"

चिमणी खळखळून हसली. "अहो, ही माझी ताई. सगळं हिचंच आहे."

तो बिचारा ओशाळला. ताईही हसली, पण तिच्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एका सिनेमावर लेख लिहिला. असा सिनेमा कुणी काढलाच नव्हता. दिग्दर्शिका मुलाखती देत नाही, सिनेमा तिने फक्त मला दाखवला, असं ताईने बिनदिक्कत ठोकून दिलं. निदान हिला तरी चिमणी बोलावू शकणार नव्हती. सिनेमाची गोष्ट दोन बहिणींची. धाकटी एक दिवस पाहुणीला सोडायला बाहेर पडते ती परत येत नाही आणि घरात कुणी तिची साधी चौकशीही करत नाही. लिहिताना ताईचा हात कुठे अडला नाही.

लेख खूप वाचला गेला. मग लेखाखाली कुणीतरी लिहिलं, 'आमच्या फिल्म क्लबात पाहिला. जिन्यावरचा प्रसंग डोळ्यांपुढून जात नाही.'

आपल्या थापेवर ही वरची थाप, ताईने मनात म्हटलं. पण आणखी एकाने लिहिलं, पाठोपाठ तिसऱ्याने. सगळे एकच जिना सांगत होते. लाकडी, अरुंद, एका बाजूला कठडा नसलेला. ताईच्या लेखात जिना नव्हताच.

दोघींच्या खोलीतून दुकानात उतरणाऱ्या जिन्याचा कठडा मात्र सुताराने नुकताच दुरुस्तीला नेला होता.

त्याच आठवड्यात चिमणी नाचतच वर आली. "ताई, तुझी ती दिग्दर्शिका! तिचा फोन आला. मंगळवारी येतेय आपल्याकडे."

"शक्यच नाही."

"का गं?"

ताईने हेडफोन उचलून पुसायला घेतले.

चिमणीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "राग आला का? मग तू घे मुलाखत. खरंच घे. मी हेडफोन लावून बसते."

"नको," ताई म्हणाली. "फोन तुला केलाय तिने."

मंगळवारी बाई आली. चारचौघींसारखीच. राखी कोट, खांद्याला पिशवी. पहिल्यांदा येणारा माणूस इकडेतिकडे बघतो, तशी ती बघेना. खोली पाठ असल्यासारखी सरळ खुर्चीत जाऊन बसली. ताईने ठोकण्यासाठी टाच उचलली. खालचं मशीन आधीच थांबलं होतं.

"थोरलीचं काम फार सुरेख झालंय म्हणे," चिमणीने सुरुवात केली. "कोण आहे ती?"

"नटी नाही. तिला कॅमेरा कधी दिसलाच नाही."

"आणि धाकटी?"

"तिचा एक प्रसंग राहिलाय."

"राहिलाय? पण सिनेमा तर लोकांनी पाहिला."

बाईने मान वळवून ताईकडे पाहिलं. "शेवट यांना ठाऊक आहे. यांनीच लिहिलाय."

सगळं सांगून टाकावं म्हणून ताईने तोंड उघडलं. तेवढ्यात बाईने चिमणीचा हात हातात घेतला.

"तुमच्यासारखा आवाज मी कुठे ऐकला नाही," ती म्हणाली.

ताईने तोंड मिटलं.

मुलाखत संपली. चिमणी उठली. "यांना कोपऱ्यापर्यंत सोडून येते गं."

जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. ताई वायर गुंडाळत राहिली.

जिन्यावर दोघींची पावलं वाजली. मग एकीचीच.

ताई खिडकीशी गेली. रस्त्याने राखी कोट एकटाच चालला होता.

ती धडपडत खाली उतरली. "आई, चिमणी कुठंय?"

आईने दातांनी दोरा तोडला. "परत आत शिरली का? हाकल बाई तिला. नव्या कापडावर घाण करून ठेवेल."

"आई, आपली चिमणी."

"आपली कसली?" आई म्हणाली आणि मशीन सुरू झालं.

वर टेबलावर एकच माइक होता. ताईने रेकॉर्डिंग लावलं. प्रश्न तेच होते. मधलं ते मोकळं हसणंही तेच. आवाज मात्र ताईचा होता. गोड, भरलेला, ऐकत राहावा असा.

ती ऐकत राहिली. मग हात पुढे करून तिने आवाज थोडा वाढवला.