सुकलं का?

हसू नका. उद्यापासून तुम्ही पोरं ऑपरेशन थिएटरात कामाला लागणार, म्हणून आज दिवा घालवून सांगतोय. माझ्याच पाळीतल्या माणसाची गोष्ट आहे. त्याला सगळे फटाफट म्हणतात, कारण कामाला हात लावला की उरकलंच.

अकरा फेब्रुवारी, मंगळवार, रात्रीचे सव्वादोन. मानेत रक्त साचून गळा सुजलेला एक मास्तर आला आणि फटाफटला दोन नंबरचं थिएटर लावायला पाठवलं. त्याने टेबल पुसलं, ऑक्सिजन बघितला, कॉटरी जोडली. कॉटरी म्हणजे रक्त थांबवायला जाळायची विजेची सुई. ठिणगी उडते तिची. म्हणून कातडीला स्पिरिटचं औषध लावलं की घड्याळ लावून तीन मिनिटं थांबायचं, बोट टेकवून बघायचं, 'सुकलं' म्हणायचं आणि मगच चादर टाकायची.

दोन वर्षांपूर्वी याच टेबलापाशी तो थांबला नव्हता. नुसताच 'सुकलं' म्हणाला, आणि चादरीखाली एक बाई पेटली. आठव्या दिवशी गेली. चौकशीत हा साळसूदपणे म्हणाला, ओलं आहे असं मी सांगितलं होतं, सिस्टरनेच घाई केली. सिस्टरची नोकरी गेली. हा गडी मात्र निवांत झोपायचा. मला त्याचा अजून संताप येतो.

असो. मास्तरांना भूल दिली, घशात नळी घातली. फटाफटने मानेला औषध लावलं. तीन मिनिटं झाली. डॉक्टरांनी विचारलं, "सुकलं?"

त्याने बोट टेकवलं. ओलं.

चार मिनिटं. ओलं. कापसाने टिपलं. तरी ओलंच. डॉक्टर खेकसले, माणूस हातचा जाईल म्हणाले. फटाफटच्या मनात आलं, द्यावं का ठोकून, सुकलं म्हणून? त्याने तोंड उघडलं...

"नाही."

बाईचा आवाज. मास्तरांच्या तोंडातून. घशात नळी असताना. बाकी कुणाची मानही वळली नाही...

"कोण थांबलं नव्हतं?"

मॉनिटरची टिकटिक मंदावली. तो वाकला. मास्तरांच्या कानाशी पुटपुटला, "मी. सिस्टर नाही, मीच. सकाळी सगळ्यांना सांगतो."

बोट टेकवलं.

कोरडं.

मास्तर वाचले. सकाळी डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, रात्री वाकून काय पुटपुटत होतास? फटाफटने लगेच मान हलवली.

"काही नाही, सर. सुकलं, एवढंच म्हणालो."

तेव्हापासून त्याचं ते बोट सुकलेलं नाही. पुसतो, पंख्याखाली धरतो, पुन्हा ओलं. स्पिरिटचा वास मारतं. बायको गॅस पेटवायला लागली की हा दाराबाहेर जाऊन उभा राहतो.

मघाशी या खोलीचं दार त्यानेच लोटून घेतलं. जाताना कडी चाचपून बघा... आणि तोवर कुणी काडी ओढू नका.