दुसरं कडवं

मोबाइल खाली ठेवा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच दात काढलेले मला चालणार नाहीत. ही आमच्या शेजारच्या बँडमास्तरची गोष्ट आहे आणि त्याने ती मला स्वतः सांगितलीय.

दरड कोसळली त्याला दुसऱ्या दिवशी वर्ष होणार होतं. शनिवारची रात्र, यंदा पावसाचा अजून थेंबही नव्हता. जेवून मास्तर तालमीच्या खोलीवर गेला तो एकाच कामासाठी. दरडीत गेलेल्यांसाठी त्याने स्वतः गाणं बांधलं होतं, ते बँडकडून एकदा तरी शेवटपर्यंत वाजवून घ्यायचं होतं. गेलेल्यांत त्याचा धाकटा भाऊही होता. बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचा. बाकी सगळे सापडले, तो नाही. पुढे शोधही थांबला. ड्रमची जागा मास्तरने रिकामीच ठेवली होती.

गाण्याला दोन कडवी. पहिलं दरडीच्या रात्रीचं. दुसरं, आता निवांत झोपा म्हणणारं. पहिलं झकास व्हायचं आणि दुसऱ्याच्या पहिल्याच सुराला अख्खा बँड गप्प.

"आता काय झालं?" मास्तर खेकसला.

"मोठ्या ड्रमने दोन ठोके दिले ना," क्लॅरोनेटवाला म्हणाला. त्यांच्यात दोन ठोके म्हणजे थांबा.

"कुठल्या ड्रमने? कान साफ करून या रे! उद्या स्टेजवर असं केलंत तर लोक म्हणतील, बँडची बॅटरी संपली."

पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. मास्तर अगदी रडकुंडीला आला.

त्या भावाची बायको, मास्तरची भावजय, सगळ्यांसाठी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "भाऊजी, हे कडवं नको असं मी आधीच म्हटलं होतं. हे अजून सापडले नाहीत आणि तुम्ही झोपा म्हणून सांगताय."

"वर्ष झालं. मला आता हे संपवायचंय."

ती किटली तिथेच ठेवून गेली.

सव्वाअकराला वैतागून त्याने सगळ्यांना घरी हाकललं. दार लावलं. ट्रम्पेट उचलला. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्याचा पहिला सूर लागला आणि...

धप्. धप्.

या वेळी त्यालाही ऐकू आलं.

"अरे, मग तूच सांग ना काय करू!" तो रिकाम्या कोपऱ्यावर ओरडला. "हाताने माती उपसली. नखं गेली माझी. अजून काय करू?"

त्याने डोळे मिटले. हट्टाने दुसरं कडवं धरलं. ठोके सुरू झाले. दोन. परत दोन. जमिनीखालून. ताल नाही, काही नाही. आतून कोणी दार बडवावं तसे. मास्तर थांबला नाही. फुंकत राहिला.

आणि ट्रम्पेट मुका झाला. फुंकर आत जाईना.

ठोकेही थांबले.

दुसऱ्या दिवशी बँडने एकच कडवं वाजवलं, तेही क्लॅरोनेटवर. लोकांना वाटलं, गाणं तेवढंच आहे.

पितळी वाद्यात श्वासाचं पाणी साचतं. ते काढायला खाली छोटी चावी असते. ट्रम्पेट मुका झाला त्याच रात्री मास्तर तो घेऊन तसाच भावजयीच्या दारात गेला आणि तिच्यासमोर त्याने ती चावी दाबली. पाणी आलं नाही. तिच्या तळहातावर लाल माती पडली.

दरडीची ती माती वर्षभरात वाळून दगड झालीय. ही ओली होती.